सत्तेची सोयरीक



आपल्या या कार्यक्रमात एरवी आपण कर्ज, हप्ते, शेळीपालन, पोषण, पोरींचं शिक्षण यावर बोलतो. आज आम्ही तुम्हाला जरा लांब नेणार आहोत. दोन हजार वर्षं मागं, समुद्रापलीकडच्या रोम शहरात. रोम आज इटली देशाची राजधानी आहे. त्या काळी ते एका मोठ्या साम्राज्याचं मुख्य ठिकाण होतं. तिथल्या मोठ्या घरांतल्या लेकींची लग्नं कशी ठरायची, कशी मोडायची आणि या सगळ्यात त्या बाईच्या स्वतःच्या हातात काय उरायचं, हे आज बघू.

नावं परकी आहेत. ती लक्षात राहिली नाहीत तरी चालेल, माणसं लक्षात ठेवा. आणि एक गोष्ट. इसवी सन सुरू होण्याआधीची वर्षं उलटी मोजतात. म्हणजे इसवी सनापूर्वी 59 हे साल आधीचं आणि 40 हे नंतरचं.

त्या वेळी रोममध्ये राजा नव्हता. मोठ्या पदांसाठी दरवर्षी निवडणूक व्हायची. उमेदवार पुरुष आणि मतदारही पुरुषच. आजच्यासारखे पक्ष नव्हते, झेंडे नव्हते. मग कोण कोणाच्या बाजूचा हे लोकांना कळायचं कसं? बऱ्याच वेळा सोयरिकीवरून. यानं त्याला मुलगी दिली म्हणजे दोघं एक झाले. मुलगी परत आली म्हणजे काहीतरी फिसकटलं.

कायद्यानं मुलीचं लग्नाचं वय 12 वर्षं होतं. लग्नाला मुलीची संमती लागते असं कायदा म्हणायचा. पण ती गप्प राहिली की संमती आहे असं धरायचे. वडिलांनी दाखवलेला मुलगा वाईट चालीचा असेल तरच तिला नाही म्हणता यायचं. लग्न झालं तरी ती बहुतेक वेळा वडिलांच्याच अधिकाराखाली राहायची. वडील हयात असेपर्यंत तिच्या नावावर काही नसायचं. काडीमोड मात्र सोपा होता. नवरा देऊ शकायचा, बायको देऊ शकायची आणि मुलीचा बापही तिचा संसार मोडू शकायचा. काडीमोड झाला की मुलं बापाकडं राहायची.

नावाचंच बघा. आपल्याकडं काही घरांत लग्नात सुनेचं नाव बदलतात. रोममध्ये बाईचं नाव लग्नानंतर बदलत नसे. पण मुळात ते तिचं एकटीचं नसायचंच. ज्युलियस कुळातली प्रत्येक मुलगी ज्युलिया आणि ऑक्टेव्हियस कुळातली प्रत्येक मुलगी ऑक्टेव्हिया. दोघी बहिणी असल्या तर थोरली आणि धाकटी. म्हणून आजच्या गोष्टीत दोन ज्युलिया येतील. गोंधळू नका.

पहिली गोष्ट एमिलियाची. साल इसवी सनापूर्वी 82. सुल्ला नावाच्या सेनापतीनं रोम ताब्यात घेतलं होतं. पॉम्पी नावाचा एक तरुण सरदार त्याला आपल्या बाजूला पक्का बांधून घ्यायचा होता. म्हणून त्यानं आपल्या बायकोची आधीच्या लग्नाची मुलगी एमिलिया त्याला द्यायचं ठरवलं. एमिलियाचं लग्न झालेलं होतं, इतकंच नाही तर ती गरोदर होती. पॉम्पीलाही बायको होती, अँटिस्टिया. तिच्या बापाचा नुकताच खून झाला होता, तोही जावयाच्या बाजूचा माणूस म्हणून. तरी दोन्ही संसार मोडले. अँटिस्टियाला घालवून दिलं आणि तिच्या आईनं जीव दिला. एमिलियाला पहिल्या नवऱ्याचं मूल पोटात घेऊन पॉम्पीच्या घरी जावं लागलं. तिथं थोड्याच दिवसांत बाळंतपणात ती गेली. दोन घरं मोडली, तीन बायका उद्ध्वस्त झाल्या. पॉम्पीची मात्र चढती सुरू झाली.

आम्ही ही गोष्ट आमच्या बैठकीत सांगितली तेव्हा एक ताई लगेच म्हणाल्या, "तिला कुणी विचारलं होतं का?" हा प्रश्न मनात ठेवा. पुढच्या प्रत्येक गोष्टीला तो लावून बघू.

तेवीस वर्षांनी, म्हणजे इसवी सनापूर्वी 59 साली, तोच पॉम्पी रोमचा सर्वांत नावाजलेला सेनापती झाला होता. ज्युलियस सीझर त्या वर्षी मोठ्या पदावर होता आणि त्याला पॉम्पीची साथ हवी होती. सीझरला एकच मुलगी, ज्युलिया. तिची सुपारी दुसरीकडं फुटलेली होती, लग्न काही दिवसांवर आलेलं. सीझरनं ते मोडलं आणि ती पॉम्पीला दिली. पहिल्या नवऱ्या मुलाची समजूत कशी काढली? पॉम्पीनं त्याला आपली मुलगी देऊ केली. तिचीही सुपारी आधीच दुसऱ्याशी फुटलेली होती! एका सोयरिकीसाठी दोन मुलींची ठरलेली लग्नं विस्कटली. पॉम्पी तर सासऱ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा होता. त्याच वर्षी सीझरनं स्वतःही लग्न केलं, आणि त्याचा सासरा पुढच्या वर्षी मोठ्या पदावर निवडून आला. कॅटो नावाचा त्यांचा विरोधक तक्रार करत होता की बायका देऊन-घेऊन ही माणसं पदं वाटून घेताहेत. पण त्या बायकांचं काय, असं त्यानंही विचारलेलं दिसत नाही.

तरी हा संसार चांगला झाला. पॉम्पीचा ज्युलियावर इतका जीव जडला की लोक त्याला हसायचे. इसवी सनापूर्वी 55 मध्ये निवडणुकीच्या वेळी मारामारी झाली, पॉम्पीच्या कपड्यांवर रक्त उडालं. नोकरांनी ते कपडे घरी आणले. ज्युलिया गरोदर होती. रक्त बघून ती कोसळली आणि तिचा गर्भ गेला. पुढच्याच वर्षी परत बाळंतपण आलं. त्यात ती गेली, बाळही काही दिवसांत गेलं. रोमच्या साध्या लोकांनी तिचं शव उचलून शहराच्या मोठ्या मैदानावर नेलं आणि तिथं तिचे अंत्यसंस्कार झाले. पाच वर्षांनी, इसवी सनापूर्वी 49 मध्ये, सासरा आणि जावई एकमेकांवर सैन्य घेऊन उठले. युद्धाची कारणं पुष्कळ होती. पण दोघांना बांधून ठेवणारा एक धागा तिच्याबरोबर तुटला, असं त्या काळच्या लोकांनाही वाटत होतं.

मध्ये सीझरनं आणखी एक प्रयत्न केला होता. ज्युलिया गेल्यावर त्यानं पॉम्पीला आपल्या बहिणीची नात देऊ केली, ऑक्टेव्हिया. तिचं लग्न होऊन ती नांदत होती, तरीही! पॉम्पी नको म्हणाला म्हणून तेव्हा तिचा संसार वाचला.

ही ऑक्टेव्हिया म्हणजे आपली तिसरी गोष्ट, आणि आम्हाला सर्वांत जवळची वाटलेली.

सीझरचा खून झाला आणि सत्ता त्याच्या माणसांच्या हातात आली. त्यात दोघं मुख्य होते. एक मार्क अँटनी आणि दुसरा ऑक्टेव्हियाचा भाऊ ऑक्टेव्हियन. दोघांत भांडण पेटलं. सैनिक लढून कंटाळले होते. इसवी सनापूर्वी 40 मध्ये दोघांनी तह केला. अँटनीची बायको नुकतीच वारली होती, ऑक्टेव्हियाही त्याच वर्षी विधवा झाली होती. तह पक्का करायला तिचं लग्न अँटनीशी लावायचं ठरलं. पण रोमच्या रीतीनं विधवेला दहा महिने थांबावं लागायचं, पोटात आधीच्या नवऱ्याचं मूल असेल तर कळावं म्हणून. पुरुषांना घाई होती. राज्यसभेनं ठराव करून तिच्यापुरता नियम बाजूला ठेवला. पदरात लेकरं घेऊन ती दुसऱ्या घरी गेली.

तीन वर्षांनी नवरा आणि भाऊ परत भांडायला निघाले. अँटनी 300 जहाजं घेऊन इटलीच्या किनाऱ्यावर आला. दोघांच्याही बाजूची माणसं तिच्याच घरची होती. ती नवऱ्याला सांगून स्वतः भावाकडं गेली. लढाई झाली तर कोण जिंकेल ते जिंकेल, पण हरणारी मीच असेन, असं तिचं म्हणणं होतं. टॅरेंटम गावाजवळ दोघं भेटले आणि एकत्र जेवले. अँटनीनं मेहुण्याला 100 युद्धनौका द्यायच्या आणि मेहुण्यानं त्याला दोन मोठ्या पलटणी द्यायच्या असं ठरलं. त्यावर तिनं स्वतःच्या शब्दानं भावासाठी आणखी 20 हलकी जहाजं आणि नवऱ्यासाठी आणखी 1000 सैनिक मागून घेतले. तिला तहासाठी दिलं होतं, पण इथं तिनं स्वतः तह घडवून आणला.

तरी पुढं काय झालं? अँटनी पूर्वेकडं गेला आणि इजिप्तची राणी क्लिओपात्रा हिच्याजवळ राहिला. इसवी सनापूर्वी 35 मध्ये ऑक्टेव्हिया त्याच्यासाठी कपडे, पैसा आणि 2000 निवडक सैनिक घेऊन निघाली. अथेन्सला पोचली तेव्हा त्याचं पत्र आलं, पुढं येऊ नकोस. ती परतली. भाऊ म्हणाला, त्याचं घर सोड. तिनं सोडलं नाही. नवऱ्याच्या आधीच्या बायकोची मुलंसुद्धा ती तिथंच सांभाळत होती. शेवटी इसवी सनापूर्वी 32 मध्ये अँटनीनं काडीमोड पाठवला आणि माणसं पाठवून तिला घराबाहेर काढलं. दोनच वर्षांनी अँटनी आणि क्लिओपात्रा हरले, दोघांनी जीव दिला. त्यांच्या लेकरांना रोमला आणलं. त्यांना वाढवलं कुणी? ऑक्टेव्हियानं. त्यांतल्या मुलीचं पुढं एका राजाशी लग्न लागलं.

ऑक्टेव्हियाची गोष्ट सांगताना तिला फार सोशीक, फार थोर म्हणायची रीत आहे. ती थोर होतीच. पण बायांनो, तिला थोर म्हणताना आपण एक विसरतो. तिच्या अपमानाचा तिच्या भावाला फायदाच झाला. बघा, माझ्या बहिणीला त्यानं कसं वागवलं, असं म्हणून त्याला लोकांची मनं वळवता आली.

हाच भाऊ पुढं ऑगस्टस या नावानं रोमचा पहिला सम्राट झाला. त्याला एकच मूल, मुलगी. ही आपली दुसरी ज्युलिया. ती इसवी सनापूर्वी 39 मध्ये जन्मली त्याच दिवशी बापानं तिच्या आईला, स्क्रिबोनियाला, काडीमोड दिला. दोन वर्षांची असताना अँटनीच्या मुलाशी तिची सुपारी फुटली. तो तह मोडला, ती सुपारीही गेली. चौदाव्या वर्षी तिचं लग्न आत्याच्या, म्हणजे ऑक्टेव्हियाच्या मुलाशी झालं. तो दोन वर्षांत वारला. मग बापानं तिला आपल्या सेनापतीला, अग्रिप्पाला दिलं. तो बापाच्याच वयाचा होता आणि त्याचं लग्न ऑक्टेव्हियाच्या मुलीशी झालेलं होतं. ती सोयरीक मोडून ही जोडली. ज्युलियाला त्याच्यापासून पाच मुलं झाली. पाचवं जन्मायच्या आधीच अग्रिप्पा वारला.

तिसरा नवरा टायबेरियस. तो ज्युलियाच्या सावत्र आईचा, लिव्हियाचा, आधीच्या लग्नाचा मुलगा. त्याची बायको व्हिप्सानिया गरोदर होती आणि दोघांचा एकमेकांवर जीव होता. सासऱ्याच्या हुकमानं त्याला तिला सोडावं लागलं. पुढं एकदा ती रस्त्यात दिसली तर हा मोठा सेनापती डोळ्यांत पाणी आणून तिच्या मागं बघत राहिला. त्यानंतर ती त्याच्या नजरेला पडू नये याची काळजी घेतली गेली. म्हणजे या खेळात पुरुषही भरडले जायचे. पण टायबेरियस पुढं सम्राट झाला. ज्युलियाचं काय झालं ते ऐका.

तिच्या बापानं इसवी सनापूर्वी 18 मध्ये कायदा केला होता. लग्नाच्या बाईनं परपुरुषाशी संबंध ठेवला तर तो घरातला मामला नाही, सरकारी गुन्हा. इसवी सनापूर्वी 2 मध्ये हाच आरोप ज्युलियावर आला. बापानं तिला पंडाटेरिया नावाच्या छोट्याशा बेटावर पाठवलं. तिला दारू बंद आणि त्याच्या परवानगीशिवाय कुणा पुरुषाला भेट बंद. पाच वर्षांनी तिला किनाऱ्यावरच्या गावात आणलं, पण रोमला येऊ दिलं नाही. इसवी सन 14 मध्ये बाप वारला आणि त्याच वर्षी तीही गेली. तिच्याबरोबर त्या बेटावर स्वतःहून कोण गेलं होतं? तिची आई, स्क्रिबोनिया. जन्मल्या दिवशी जिला लेकीच्या बापानं टाकलं होतं, ती.

मग या बायकांच्या हातात काहीच नव्हतं का? होतं. ते समजून घेण्यासारखं आहे.

मुलीबरोबर सासरी रक्कम आणि मालमत्ता द्यायचे. रोख रक्कम बहुतेक तीन वर्षांच्या तीन हप्त्यांत द्यायची पद्धत होती. काडीमोड झाला तर ती परत मागता यायची, त्यासाठी दावा लावता यायचा. म्हणून घाईनं बायको सोडताना नवऱ्याला विचार करावा लागायचा. इथं आम्ही स्पष्ट सांगतो, ही हुंड्याची बाजू नाही. आपल्याकडं 1961 च्या कायद्यानं हुंडा देणं-घेणं दोन्ही गुन्हा आहे. सांगायचा मुद्दा एवढाच की बाईच्या बरोबर गेलेलं धन परत येण्याची सोय कायद्यात असली की तिला वागवताना समोरचा जरा जपून वागतो.

दुसरं, वडील वारले की मुलीला भावांच्या बरोबरीनं वाटा मिळायचा आणि तो नवऱ्याचा होत नसे. सिसेरो नावाच्या प्रसिद्ध वक्त्याची बायको टेरेन्शिया हिच्याकडं स्वतःची मालमत्ता होती. नवऱ्याला देशाबाहेर काढलं तेव्हा ती आपली मालमत्ता विकायला निघाली होती आणि तोच पत्रातून नको म्हणत होता. पुढं सिसेरो परमुलखात कारभार बघत असताना टेरेन्शिया आणि तिची मुलगी टुलिया या दोघींनीच टुलियाचं लग्न ठरवून टाकलं. बापाला नंतर कळलं! ते लग्न पुढं टिकलं नाही, ही गोष्ट वेगळी. पण आई-लेकीनं ठरवलं, हे झालं होतं.

तिसरं, जमीन, बैल असं मोठं काही विकायचं तर बाईला पालक पुरुषाची संमती लागायची. ऑक्टेव्हिया आणि लिव्हिया यांना इसवी सनापूर्वी 35 मध्ये खास ठराव करून त्यातून सूट मिळाली. पुढं ऑगस्टसच्या कायद्यानं तीन मुलं झालेल्या स्वतंत्र बाईलाही ही सूट मिळाली. सही करायचा हक्क मिळवायला तीन बाळंतपणं!

आणि चौथं, एकत्र येणं. इसवी सनापूर्वी 42 मध्ये युद्धाला पैसा कमी पडला म्हणून सत्ताधाऱ्यांनी 1400 श्रीमंत बायकांची यादी लावली. संपत्ती जाहीर करा, कर भरा. बायका आधी सत्ताधाऱ्यांच्या घरच्या बायकांकडं गेल्या. ऑक्टेव्हियन याच्या बहिणीनं आणि अँटनीच्या आईनं त्यांचं ऐकून घेतलं. अँटनीच्या तेव्हाच्या बायकोनं, फुल्व्हियानं, दारातून घालवलं. मग त्या सगळ्या मिळून थेट भर चौकात गेल्या, जिथं सत्ताधारी बसले होते. हॉर्टेन्सिया नावाची बाई सगळ्यांच्या वतीनं बोलली. तिचं म्हणणं थोडक्यात असं होतं: आमचे बाप, भाऊ, नवरे, मुलगे तुम्ही आधीच नेलेत. पदात, मानात, कारभारात आम्हाला वाटा नाही, मग कर का? परका शत्रू आला तर आम्ही मागं राहणार नाही. पण तुमच्या आपसांतल्या लढाईला आम्ही पैसा देणार नाही.

सत्ताधारी चिडले. त्यांनी शिपायांना बायकांना हुसकायला सांगितलं. पण जमलेले लोक ओरडू लागले आणि शिपाई थांबले. दुसऱ्या दिवशी यादी 1400 वरून 400 वर आली. उरलेला पैसा श्रीमंत पुरुषांकडून काढायचं ठरलं.

मैत्रिणींनो, या सगळ्या मोठ्या घरच्या बायका, हे विसरू नका. त्यांच्या घरी राबणाऱ्या गुलाम बायकांना तर कायद्यानं लग्नच करता येत नव्हतं. आणि या गोष्टी लिहिल्या पुरुषांनी, पुष्कळशा तर शंभर-दोनशे वर्षांनी. ऑक्टेव्हियाच्या किंवा दोन्ही ज्युलियांच्या हातची एक ओळही आज आपल्याजवळ नाही.

आम्हाला यातून एवढंच म्हणायचं आहे. घर मोठं असलं म्हणून बाईचा शब्द मोठा होत नाही. दोन घरं जोडायला जिला दिलं, तिची किंमत त्या घरांची गरज असेपर्यंतच राहिली. तिच्या नावावर जे होतं ते तिला उपयोगी पडलं, आणि एकत्र गेल्या तेव्हा त्यांचं ऐकलं गेलं.

पुढच्या बैठकीत या तीन प्रश्नांवर जरूर बोला. आपल्या घरात लेकीचं लग्न ठरताना तिला कोण विचारतं, आणि ती गप्प राहिली तर आपण त्याचा अर्थ काय लावतो? आपल्या नावावर आज काय काय आहे, आणि ते विकायचं ठरलं तर सही कोणाच्या मनानं होते? आणि दारात मदत मागायला आलेल्या बाईशी आपण ऑक्टेव्हियासारखं वागतो की फुल्व्हियासारखं?

तुमच्या गटात काय बोलणं झालं ते आम्हाला कळवा. पुढच्या भागात आम्ही वाचून दाखवू.